अकरा घरांच्या सह्या

वादळ सोमवारी दुपारी सुरू झालं आणि बुधवारी सकाळी थांबलं. मधल्या मंगळवारी, चार वाजायच्या सुमाराला, वरच्या वस्तीचा रस्ता गेला. ओढ्यानं आपलं वळण सोडलं, सरळ रस्त्यात घुसला आणि तासाभरात दोनशे पावलांचा तुकडा घेऊन खाली उतरला. वस्तीतला सुतार तेव्हा आपल्या कामाच्या शेडच्या दारात उभा होता. तो नंतर सांगायचा, "आवाज फार नाही झाला. कुणीतरी मोठी चादर झटकावी तसं झालं, आणि बघतो तर रस्ताच नाही."

गुरुवारी टपालताई वर निघाली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. टपाल कचेरीतल्या साहेबांनी उलट सांगितलं होतं की रस्ता होईपर्यंत वरचं टपाल खालीच ठेवा, ज्याला हवं तो येऊन नेईल. पण पिशवीत मास्तरीणबाईंच्या नव्या चष्म्याचं पार्सल होतं, आणि बावीस वर्षांत त्या वस्तीचं टपाल तिनं एक दिवसही मागे ठेवलं नव्हतं.

टपालताई सेहेचाळीस वर्षांची होती. खालच्या गावात आईबरोबर राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायचंही लोकांनी आता सोडून दिलं होतं. तिला तिच्याहून मोठी माणसंसुद्धा टपालताईच म्हणत. वरची वस्ती म्हणजे अकरा घरं, खालच्या गावापासून साडेचार किलोमीटर चढावर. कुठल्या घराचं कुत्रं चावतं आणि कुठल्या घराचं नुसतंच भुंकतं, कुणाच्या मुलीचं पत्र आलं नाही की दार उशिरा उघडतं, हे सगळं तिला पाठ होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं ती उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायची, आणि त्यात काय होतं ते दुसऱ्या घरी गेल्यावर तिच्या तोंडून कधी निघायचं नाही.

तुटलेल्या जागी पोचल्यावर ती थांबली. डांबराचा थर कडेला तसाच हवेत लोंबत होता. खालची माती आणि खडी पोखरून गेलेली. मोरीचा सिमेंटचा पाइप, ज्यातून मुलं वाकून आरपार जायची, तो दोन शेतं पलीकडे उताणा पडला होता. पलीकडच्या काठावर सुतारानं झाडाला दोर बांधून ठेवला होता. तो धरून ती ओढ्यात उतरली, गुडघाभर पाण्यातून पार झाली आणि चिखलात ढोपरं टेकत वर चढली.

"टपालताई, तुम्ही कशाला आलात?" सुतारानं तिला हात देत विचारलं.

"तुमचं विजेचं बिल आणलंय. ते वादळातही वेळेवर येतं."

"वीज चार दिवस नाहीये!"

"बिलाला कुणी सांगितलं नाही."

सुतार हसला. चार दिवसांत पहिल्यांदाच हसतोय, असंही म्हणाला. मग गंभीर झाला. शेडमध्ये एका शाळेची चाळीस बाकं तयार पडली होती, ट्रक आल्याशिवाय ती खाली जाणार नव्हती. कोपऱ्यातल्या घरातल्या तरुण जोडप्याचं बाळ तीन महिन्यांचं, त्याला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागे. दुसरा रस्ता होता, पण तो नावाला: डोंगराला वळसा घालून जंगलातून जाणारी दगडांची वाट, एकोणीस किलोमीटर, कोरड्या हवेत ट्रॅक्टर कसाबसा जाईल अशी.

"तुमच्या दादांना सांगा ना जरा," सुतार म्हणाला. "आमचं तेवढंच एक माणूस आहे तिथं."

दादा म्हणजे टपालताईचा सख्खा भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, रस्ते कचेरीत अभियंता. या भागातले सगळे रस्ते त्याच्या हाताखाली होते. वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या प्रगतिपुस्तकावर सही दादाची. सायकल शिकवली दादानं, टपाल खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भरून आणला दादानं, परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर तीन तास उन्हात उभा राहिला तोही दादाच. ती जगात एकाच माणसाचं बोलणं दुसऱ्यांदा तपासून बघत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ती त्याच्या कचेरीत गेली. कचेरीतही पाणी शिरलं होतं. भिंतीवर कंबरेइतक्या उंचीवर ओलाव्याची रेघ होती, खोलीभर दोऱ्या बांधून त्यांवर फायलींचे कागद कपड्यांसारखे वाळत घातले होते. दादा त्यांच्याखालून वाकत तिच्यापर्यंत आला. त्याचे डोळे लाल होते. दाढी वाढलेली.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"काल."

तिनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. तो उभ्या उभ्याच खायला लागला. ती बोलत राहिली: मोरीचा पाइप, सुताराची बाकं, बाळ, सगळं. तो मान हलवत होता. भिंतीवरच्या नकाशावर तीन ठिकाणी लाल टाचण्या लावल्या होत्या. एक दवाखान्याच्या रस्त्यावर, एक शाळेच्या रस्त्यावर, एक वरच्या वस्तीच्या.

खाऊन झाल्यावर त्यानं हात धुतले आणि कपाटातून एक कागद काढला. वर दोन ओळींचा मजकूर, खाली अकरा रकाने.

"हे बरं झालं तू आलीस ते. सह्या हव्यात. अकराच्या अकरा घरांच्या. एकही सुटता कामा नये. सोमवारपर्यंत मिळाल्या तर काम पुढे सरकेल."

तिनं मजकूर वाचला. 'सदर रस्ता वादळात वाहून गेला असून, सदर रस्त्याऐवजी पर्यायी मार्गाचा वापर करण्यास आम्हा रहिवाशांची कोणतीही हरकत नाही.'

"पर्यायी मार्ग म्हणजे ती जंगलातली वाट?"

"तीच. मधल्या काळात कुठून तरी जा-ये करावीच लागणार ना?"

"रस्ता होईपर्यंत."

"अगं, सरकारी भाषा आहे ती. तुझ्या टपालाच्या फॉर्मवर काय लिहिलेलं असतं ते कधी समजून वाचलंस?"

ती हसली. खरंच नव्हतं वाचलं. कागद घडी न घालता तिनं पुठ्ठ्यात ठेवला आणि पुठ्ठा पिशवीत.

शनिवारी ती घरोघर फिरली. सही मागणं तिच्या रोजच्या कामातलंच होतं. लोक दार उघडतानाच विचारत, कुठं करू? बहुतेकांनी वाचलंही नाही. तरुण जोडप्यातल्या बाईनं बाळ एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत सही केली आणि विचारलं, "किती दिवस लागतील?" टपालताई म्हणाली, "दादा लागलाय मागे. होईल." सुतारानं पेन्सिल कानावरून काढली, मग पेन मागितलं, म्हणाला, "यावर पेन्सिल नको, पक्कं होऊ दे."

मास्तरीणबाईंनी मात्र वाचलं. त्यांनी एकतीस वर्षं खालच्या शाळेत भाषा शिकवली होती. टपालताईलाही शिकवली होती. नवा चष्मा नाकावर सारखा करत त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'रस्त्याऐवजी' कसं? 'रस्ता होईपर्यंत' असं हवं ना?"

"सरकारी भाषा आहे, बाई."

"सरकारी असली तरी भाषाच आहे. 'ऐवजी' म्हणजे हे नाही, ते."

"मी दादाला विचारलं. मधल्या काळापुरतंच आहे म्हणाला."

"तुझा दादा म्हणाला?"

"हो."

मास्तरीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मग दे पेन," म्हणाल्या आणि सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली.

रविवारी दादा आईला भेटायला आला तेव्हा टपालताईनं पुठ्ठा त्याच्या हातात दिला. त्यानं रकाने बोटानं मोजले. "सगळे!" म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर लहानपणी मारायचा तशी हलकी टपली मारली. तेव्हा तिनं त्याला सांगितलं, मास्तरीणबाईंनी 'ऐवजी' या शब्दावर बोट ठेवलं होतं म्हणून.

"त्या अजून वह्या तपासतात वाटतं," तो म्हणाला. आई हसली, टपालताई हसली. दादाही हसला आणि पुठ्ठा बगलेत मारून निघून गेला.

नंतर आठ आठवडे गेले. दवाखान्याच्या रस्त्यावर काम सुरू झालं. जेसीबी आला, रोलर आला, दगडाची भिंत उभी राहिली. मग शाळेच्या रस्त्यावर. वरच्या वस्तीतली माणसं दोर धरून ओढा पार करायची. सुतारानं दोन ओंडके टाकून त्यांवर फळ्या ठोकल्या, म्हणजे निदान बाळाला घेऊन जाता यावं. बाकं शेडमध्येच होती. शाळेनं शेवटी दुसरीकडून घेतली. टपालताई रोज वर जायची आणि रोज कुणीतरी विचारायचं, आमचं कधी? ती सांगायची, शाळेचं झालं की आपलंच. हे तिला दादानं सांगितलं होतं का? नव्हतं. पण तीन टाचण्या होत्या आणि दोन झाल्या होत्या, यापलीकडे तिला हिशेब माहीत नव्हता.

एका मंगळवारी सकाळी टपाल छाटताना तिच्या हाताला अकरा पाकिटं लागली. सगळी नोंदणीकृत, सगळ्यांवर रस्ते कचेरीचा शिक्का, सगळी वरच्या वस्तीची. तिनं ती एकाखाली एक लावली, वहीत नोंद केली आणि शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला म्हणाली, "आलं बघा. कामाची तारीख असणार." चढ चढताना तिला दम लागला नाही. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, हवा स्वच्छ होती, आणि फळ्यांवरून जाताना ती चक्क गुणगुणत होती.

पहिलं घर सुताराचं. "मिठाई तयार ठेवा," तिनं बाहेरूनच हाक मारली.

सुतारानं हात पुसले, सही केली, रंध्याच्या पात्यानं पाकीट फोडलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले. त्यानं कागद तिच्यापुढे धरला.

'आपण दिलेल्या लेखी संमतीस अनुसरून, सदर रस्ता देखभाल व दुरुस्तीच्या यादीतून कायमस्वरूपी वगळण्यात येत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. खाली सही दादाची होती. तिच्या प्रगतिपुस्तकांवर होती तीच, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

"काहीतरी चूक झालीय," ती म्हणाली.

"कुणाची?" सुतारानं विचारलं. आवाज चढवून नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पिशवीत आणखी दहा पाकिटं होती. तिच्या मनात आलं, ती तशीच खाली न्यावीत, पत्ता सापडला नाही असा शेरा मारावा. पण या अकरा घरांचे पत्ते तिला सापडत नाहीत हे कुणाला खरं वाटलं असतं? ती पुढच्या घरी गेली. दहाही दारांशी उभी राहिली, दहा सह्या घेतल्या आणि प्रत्येकाला पाकीट फोडायच्या आधी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की आत काय आहे. तरुण जोडप्यातल्या बाईनं दार हळूच लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे तू माझ्याकडून लिहून घेतलंस, की मला रस्ता नको?" ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? मास्तरीणबाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ त्याच्या काचा पदराला पुसत बसल्या.

दुपारी दोनला ती कचेरीत पोचली. फायली वाळून परत कपाटात गेल्या होत्या. नकाशावर दोनच टाचण्या होत्या, हिरव्या. तिसऱ्या जागी बारीक भोक तेवढं उरलं होतं.

दादानं तिच्याकडे पाहिलं, उठला आणि दार लावून घेतलं.

"बस."

"बसायला नाही आले. हे काय आहे, दादा?"

"मोठ्यानं बोलू नकोस." तो स्वतः खुर्चीत बसला. "ऐक. तीन रस्ते तुटले. यंत्रं एकाच रस्त्याला पुरतील एवढी. पुढच्या पावसाआधी हातात साठ दिवस. तिन्ही धरले असते तर तिन्ही अर्धवट राहिले असते आणि पहिल्याच सरीत तिन्ही परत गेले असते. दवाखान्याच्या रस्त्यावर दोन हजार माणसं आहेत. शाळेच्या रस्त्यावर नऊशे. वरती एकतीस. मोठ्या कचेरीतून हुकूम आला, तिसरा यादीतून काढा, तरच बाकीच्या दोन्हींना मंजुरी. आणि काढायचा तर लोकांची हरकत नाही असं लेखी हवं."

"मग तसं सांगायचं होतंस त्यांना."

"सांगितलं असतं तर सह्या केल्या असत्या?"

"नाही."

"मी स्वतः कागद घेऊन गेलो असतो तर?"

तिला ठाऊक होतं. नसत्या केल्या. त्यांनी रस्ते कचेरीच्या माणसाला उन्हात उभं केलं असतं, शब्द न् शब्द विचारला असता.

"तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे," दादा म्हणाला. त्याला हे कौतुक वाटत असावं.

रस्त्याचं तिला समजत होतं. दोन हजार, नऊशे, एकतीस, हा हिशेब तिला दादानं त्या शुक्रवारी समजावला असता तर ती तो घेऊन वर गेली असती, शिव्या खाल्ल्या असत्या, भांडली असती, कदाचित दोन सह्या आणल्याही असत्या. पण त्या दिवशी तो तिचा डबा खात होता, आणि खाता खाता त्यानं ठरवलं होतं की सह्या आणायला ही चालेल.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "मास्तरीणबाईंनी विचारलं तेही येऊन सांगितलं. तू हसलास."

"काय करायला हवं होतं?"

"तेव्हा सांगता आलं असतं. कागद तुझ्या हातातच होता."

दादा टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू घरी जा. आईला काही बोलू नकोस, तिचं बीपी वाढतं."

ती घरी गेली आणि आईला सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याच्यावरही वरून दाब असेल गं," आई म्हणाली.

"असेल."

"मग आता तू काय करणार?"

"लिहून देणार. सह्या मी चुकीची माहिती देऊन घेतल्या, आणि ती माहिती मला कुणी दिली तेही."

आईचा चेहरा उतरला. "भावाविरुद्ध? त्याची नोकरी गेली तर? वडलांच्या जागी उभा राहिला तो तुझ्या."

"म्हणूनच मी वाचलं नाही, आई. नाहीतर वाचलं असतं."

आई उठून आतल्या खोलीत गेली. त्यानंतर आठ दिवस मायलेकींमध्ये भाजी काय आणि दूध आलं का, एवढंच बोलणं झालं.

अर्ज लिहायला तिला तीन संध्याकाळ लागल्या. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांची पत्रं वाहिली होती. स्वतः एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर ती तो कागद घेऊन मास्तरीणबाईंकडे गेली. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका वाक्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "इथे 'माझी चूक झाली' असं लिहिलंयस. तुझी चूक कुठली ते नेमकं लिही. नाहीतर सगळीच तुझ्या माथी मारतील." तिनं ते वाक्य बदललं. बाईंनी तिला चहा दिला. पण नेहमीसारखं 'बस गं जरा' म्हणाल्या नाहीत.

चौकशी खालच्या शाळेच्या सभागृहात झाली. मोठ्या साहेब म्हणून एक बाई आल्या होत्या. केस आखूड, समोर जाड फाइल. वस्तीतून नऊ घरची माणसं जंगलवाटेनं ट्रॅक्टरमध्ये बसून आली, कपडे धुळीनं भरलेले. दादा पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसला होता. टपालताई आत आली तेव्हा त्यानं मान वळवली नाही.

मोठ्या साहेबांनी अर्ज वाचून दाखवला आणि दादाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

दादा उभा राहिला. आवाज अगदी नेहमीचा, शांत. "मॅडम, मजकूर स्पष्ट आहे. रहिवाशांना तो समजावून सांगावा अशी सूचना मी संबंधित टपाल कर्मचाऱ्यांना दिली होती. त्या स्वतः सरकारी नोकरीत आहेत. कागद वाचायची त्यांना सवय आहे. त्यांनी काय सांगितलं, ते मला माहीत नाही."

संबंधित टपाल कर्मचारी. टपालताईनं मागे वळून पाहिलं, जणू तो आणखी कुणाबद्दल बोलत होता. मग तिला कळलं. कचेरीत त्यानं तिचा वापर केला होता, पण निदान बहीण म्हणून केला होता. इथे त्यानं तेही काढून घेतलं.

मागून मास्तरीणबाई उठल्या. "मॅडम, मी एकटीनं मजकूर वाचला होता. 'ऐवजी' या शब्दाला मी हरकत घेतली होती. हिनं मला सांगितलं, मधल्या काळापुरतं आहे."

सभागृहात कुजबुज झाली. दादानं हातातलं पेन खिशाला लावलं.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मोठ्या साहेबांनी टपालताईला विचारलं.

ती उभी राहिली. समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"माझ्या भावानं. ते बसलेत ते. सही घेतल्यावर मी परत विचारलं, तेव्हाही त्यांनी नाही म्हटलं नाही. माझी आई समोर होती."

"तुमची आई साक्ष देईल?"

दादानं आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घाई होती, लहानपणी काच फुटल्यावर 'गप्प बस' म्हणून खुणवायचा तशी. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आईला यात ओढायचं नाही, मॅडम. माझं लिहून घ्या. तेवढ्यावर काय होईल ते होऊ द्या."

त्या एका गोष्टीवरून वस्तीतल्या काहींनी तिला नंतर बोल लावला. शेवटी तिनं भावाला वाचवलंच, म्हणाले.

महिन्याभरानं निकाल आला. सह्या चुकीच्या माहितीवर घेतल्या गेल्या म्हणून संमती रद्द. वरच्या वस्तीचा रस्ता पुन्हा यादीत, पण यादीच्या तळाला: काम पुढच्या वर्षी, यंत्रं मोकळी झाल्यावर. दादाला लेखी ताकीद मिळाली आणि त्याची बदली नदीपलीकडच्या कचेरीत झाली. टपालताईलाही ताकीद मिळाली, की कामाच्या वेळेत दुसऱ्या खात्यासाठी सह्या गोळा केल्या. तिच्या साहेबांनी ते पत्र देताना मान खाली घातली होती. ती म्हणाली, "बरोबर आहे, केल्या होत्या," आणि पोच म्हणून सही करून दिली.

वस्तीनं पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही, निदान सगळ्यांनी नाही. तरुण जोडपं आधी गेलं. त्यांचं कपाट खाली न्यायला सुतारानं त्याच्या फळ्या सुट्या केल्या. एक फळी टपालताईनं उचलली, ओंडक्यांवरून पलीकडे नेली. तरुण बाईनं ती तिच्या हातातून घेतली. "ठेवा, ताई. इथून आम्ही नेतो," एवढंच म्हणाली. मग आणखी तीन घरं गेली. अकराची सात झाली.

टपालताई रोज वर जाते. सुतार अजून तिची थट्टा करतो, पण नोंदणीचं पाकीट आलं की सही करायच्या आधी पावतीवरची प्रत्येक ओळ वाचतो, आणि ती वाचून होईपर्यंत ती उंबऱ्याबाहेर उभी राहते. आधी ती आत यायची. त्या म्हाताऱ्यानं तिच्याकडून पत्रं वाचून घेणं बंद केलं. तो ती साठवतो आणि मुलगा आला की वाचून घेतो.

दादा पाच महिने आला नाही. मग एका रविवारी अकराच्या सुमाराला दारात उभा. वजन उतरलं होतं. आईनं त्याला जवळ घेतलं, रडली. टपालताईनं चहा केला, त्याच्या चहात एकच चमचा साखर टाकली, त्याला तेवढीच लागते म्हणून. तिघं बसली. नदीपलीकडे पाणी बरं आहे, खोली लहान आहे, असं काहीबाही बोलणं झालं. जाताना तो दारात थांबला आणि हळू म्हणाला, "तिथे तसं बोलायला नको होतं मी."

"कुठलं?" तिनं विचारलं.

तो उत्तर देईल म्हणून ती खरंच थांबली होती. पण तो बूट घालत राहिला. मग खिशातून औषधाचं एक खोकं काढून तिच्या हातात दिलं. "आईच्या नव्या गोळ्या. डॉक्टरांना दाखवून आणल्यात. सकाळी एक, जेवणानंतर. जुन्या बंद करायच्या."

तो गेला. आई खिडकीतून तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली. टपालताई खोकं घेऊन स्वयंपाकघरात गेली, त्यातला घडी घातलेला माहितीचा कागद बाहेर काढला आणि उजेडाला धरला. अक्षरं मुंगीएवढी होती. ती ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली.

"अगं, त्यानं सांगितलंय ना," आई दारातून म्हणाली.

टपालताईनं मान वर केली नाही. कागद संपल्यावर तिनं तो उलटा केला, मागची बाजूही वाचली, आणि मग औषधांच्या दुकानात फोन लावला.